गॅस ब्रूडरचं प्रेशर, जेट आणि पाइप : बॅच टाकायच्या आधी काय काय बघून घ्यायचं

दिवाळी संपली, रात्री गार पडायला लागल्या की पोल्ट्रीवाल्यांच्या ब्रूडरबद्दलच्या, म्हणजे लहान पिल्लांना ऊब देणाऱ्या टांगत्या गॅस शेगडीबद्दलच्या, तक्रारी ठरलेल्या असतात. ब्रूडर पिवळा जळतोय, ब्रूडर सारखा विझतोय, सिलिंडरला बाहेरून बर्फ धरलाय, आणि हे सगळं नेमकं पहाटे, पिल्लं दोन दिवसांची असताना. खरं सांगायचं तर यातल्या बऱ्याच भानगडी मशीनच्या नसतातच. शेडमध्ये खाली अंथरलेल्या तुसाची धूळ आणि ते ओलं झालं की सुटणारा अमोनिया मिळून बर्नरची वाट लावतात, आणि उरलंसुरलं काम रेग्युलेटरचा नॉब पिळून पिळून आपण करतो. म्हणून बॅच (पक्ष्यांचा एक लॉट) गेली, शेड धुऊन रिकामं पडलंय, त्या मधल्या दिवसांतच हे काम उरकून घ्यायचं. पिल्लं आत आल्यावर पाना हातात घ्यायची वेळच येऊ नये.

आधी एक सांगून टाकतो. रेग्युलेटर उघडायचा नाही आणि ब्रूडरच्या सेफ्टी वॉल्व्हची बॉडी पण उघडायची नाही, ते दोन बिघडले की बदलायचे, दुरुस्त करत बसायचे नाहीत. बाकी साफसफाई, लीक बघणं, पाइप बदलणं, प्रेशर मोजणं हे समजून घेतलं तर कुणालाही जमतं. जमत नसेल, मनात धाकधूक असेल तर सरळ गॅस एजन्सीचा मेकॅनिक बोलवा, त्यात कमीपणा काय नाही.

आता प्रेशर. ब्रूडर दोन जातीचे असतात. एक लो प्रेशरवाले, घरच्या शेगडीसारखे ३० मिलिबारच्या आसपास चालणारे, त्यांचा रेग्युलेटर फिक्स असतो आणि त्यावरचा नॉब फक्त चालू-बंद करायला. दुसरे हाय प्रेशरवाले, त्यांना कमी-जास्त होणारा रेग्युलेटर लागतो आणि किती प्रेशर चालेल ते ब्रूडरच्या पाटीवर छापलेलं असतं. या दोन्हींचे जेट (बर्नरमध्ये गॅस सोडणारं बारीक भोकाचं तोंड) वेगळे, पाइप वेगळे. लो प्रेशरच्या ब्रूडरला केटरिंगच्या भट्टीचा लाल नॉबवाला रेग्युलेटर लावलेला बघितला की माझं डोकंच फिरतं, कारण चालतो तो, दिसायला भारी चालतो, पण ज्योत जाळी सोडून वर उडते, बर्नर भणभण आवाज करतो, गॅस अर्धवट जळतो आणि आधीच कडक झालेला रबरी पाइप त्या दाबानं कधी निसटेल काय नेम नाही.

नॉब पिळून उष्णता वाढते हा समज पण पुरता खरा नाही. जेटमधून किती गॅस जाणार हे प्रेशरच्या वर्गमुळावर ठरतं. म्हणजे प्रेशर दुप्पट केलं तर गॅस फक्त १.४ पट जातो. उष्णता दुप्पट पाहिजे असेल तर प्रेशर चौपट करायला लागेल, आणि तिथवर पोचायच्या आधीच बर्नर बोंबलायला लागतो. पिल्लं ब्रूडरखाली एकमेकांच्या अंगावर गोळा झाली तर थंडी वाजतेय, लांब गार्डच्या (पिल्लांभोवतीच्या गोल कुंपणाच्या) कडेला पळाली तर गरम होतंय, आणि सगळी एकाच बाजूला गेली तर कुठून तरी वारा येतोय. पहिल्या आठवड्यात पिल्लाच्या उंचीवर थर्मामीटर धरला तर ३२ ते ३४ डिग्री पाहिजे, पुढं दर आठवड्याला साधारण ३ डिग्री कमी. कमी पडतंय असं वाटलं तर आधी शेडच्या पडद्याची फट बघा, मग ब्रूडरची उंची बघा (पाटीवर किंवा पत्रकात दिलीय त्याच्या खाली आणायचा नाही, तूस पेटतं), आणि तरी भागत नसेल तर ब्रूडरची संख्या कमी आहे हे मान्य करा. रेग्युलेटर सगळ्यात शेवटी, आणि तो पण पाटीवरच्या आकड्यापर्यंतच.

प्रेशर मोजायला लो प्रेशरच्या सिस्टिमला महागडा मीटर लागत नाही. गवंडी लेव्हल काढायला वापरतात ती पारदर्शक नळी घ्या, दोनेक मीटर, एका फळीवर इंग्रजी यू सारखी ठोका, दोन्ही बाजू ८० सेंटिमीटर तरी उभ्या राहिल्या पाहिजेत, आणि निम्म्यापर्यंत पाणी भरा, चिमूटभर रंग टाकला की लांबून दिसतं. नळीचं एक टोक ब्रूडरच्या टेस्टिंग पॉइंटला जोडायचं, तो नसेल तर सिलिंडर बंद करून एका ब्रूडरचा पाइप सोडवून तिथं क्लिप मारून जोडायचं, दुसरं टोक उघडं. हे शेड रिकामं असताना, तूस टाकायच्या आधी, पडदे पूर्ण उघडे ठेवून करायचं, आणि एक माणूस सिलिंडरपाशीच उभा पाहिजे, कारण रेग्युलेटर खराब निघाला तर पाणी कारंज्यासारखं बाहेर येतं आणि त्यामागून गॅस.

बाकीचे सगळे ब्रूडर पेटवा आणि दोन्ही बाजूंच्या पाण्यातला फरक मोजा. ३० सेंटिमीटर पाणी म्हणजे जवळजवळ ३० मिलिबार, त्यामुळे हिशोब सोपा आहे. सगळे पेटलेले असताना फरक २५ ते ३५ च्या आत असला तर ठीक. त्याच्या बराच खाली जात असेल तर रेग्युलेटर पुरत नाही किंवा पाइपलाइन बारीक आहे किंवा कुठंतरी तुंबलंय. मग सगळे ब्रूडर बंद करा, सिलिंडर चालूच ठेवा. पाणी थोडंसं वर चढेल आणि थांबेल, तसं व्हायलाच पाहिजे. पण पाच मिनिटं झाली तरी हळूहळू चढतच राहिलं तर रेग्युलेटरच्या आतलं सीट (गॅस अडवणारी बैठक) गेलंय, गॅस बंद असताना पण आतून पाझरतोय, तो रेग्युलेटर त्याच दिवशी बदलायचा. ही चाचणी फार कमी लोक करतात आणि माझ्या मते सगळ्यात कामाची हीच आहे, कारण असा रेग्युलेटर दिवसभर बरा वागतो आणि रात्री थर्मोस्टॅटनं ब्रूडर बंद केले की पाइपात प्रेशर साठवत बसतो. हाय प्रेशरच्या लाइनला ही पाण्याची नळी चुकूनही लावायची नाही, तिथं डायलचा गेजच पाहिजे. रेग्युलेटर घेतानाच गेजवाला घ्या, गेज नसलेल्यावर अंदाजानं नॉब फिरवण्यात काय अर्थ नाही.

रेग्युलेटरच्या टोपणावर एक बारीक भोक असतं, ते हवेसाठी आहे. रेग्युलेटरच्या आतला रबरी पडदा वरखाली व्हायला ती हवा लागते. ते भोक धुळीनं भरलं, त्यावर रंग मारला किंवा कुंभारीण माशीनं त्यात माती भरली (बाहेर टांगलेल्या रेग्युलेटरला हे हमखास होतं) की प्रेशर वेडंवाकडं होतं आणि कारण सापडत नाही. रेग्युलेटर असा बसवायचा की ते भोक खाली किंवा बाजूला येईल आणि पावसाचं पाणी आत जाणार नाही.

सिलिंडरवर बर्फ धरतो त्याचं कारण पण समजून घ्या म्हणजे त्यावर उकळतं पाणी ओतायची दुर्बुद्धी होणार नाही. आत गॅस पातळ स्वरूपात असतो आणि त्याची वाफ व्हायला उष्णता लागते, ती तो सिलिंडरच्या पत्र्यातून बाहेरच्या हवेकडून घेतो. जास्त गॅस ओढला की सिलिंडर गार पडतो, गार पडला की वाफ कमी, वाफ कमी की प्रेशर कमी. आपल्याकडच्या एलपीजीत प्रोपेन आणि ब्युटेन दोन्ही असतात. प्रोपेन उणे ४२ डिग्रीला उकळतो, ब्युटेन जेमतेम शून्याच्या जवळ. निफाडकडं पहाटे पारा ५-६ च्या खाली उतरतो तेव्हा ब्युटेनला जोरच राहत नाही, आणि प्रोपेन आधी उडून जातो त्यामुळं सिलिंडर संपत आला की आत उरतो तो ब्युटेनच जास्त. म्हणून संपत आलेला सिलिंडर पहाटेच दगा देतो, दुपारी परत नीट चालतो, आणि माणूस एजन्सीवाल्याला कमी भरलाय म्हणून शिव्या घालत बसतो.

हिशोब असा करा. ५ किलोवॉटचा ब्रूडर तासाला ४०० ग्रॅमच्या आसपास गॅस खातो, म्हणजे १९ किलोचा सिलिंडर दोन दिवस एकटा चालवेल. पण असे चार ब्रूडर एका सिलिंडरवर टाकले तर तासाला दीड किलोच्या वर गॅस ओढला जातो, आणि गार रात्री एकट्या सिलिंडरला ते झेपत नाही. उपाय एकच, दोन-तीन सिलिंडर मॅनिफोल्डवर (सगळे सिलिंडर एकाच लाइनला जोडणाऱ्या पाइपवर) एकदम चालू ठेवायचे, म्हणजे प्रत्येकावरचा भार कमी होतो. मॅनिफोल्ड एजन्सीच्या माणसाकडूनच बसवून घ्या. सिलिंडर शेडच्या बाहेर, सावलीत, सपाट जागेवर, उभाच, आडवा कधीच नाही, आडव्यातून पातळ गॅस थेट रेग्युलेटरमध्ये घुसतो. आणि घरचा १४.२ किलोचा लाल सिलिंडर शेडवर वापरणं कायद्यात बसत नाही, धंद्याला निळाच घ्यायचा.

आता बर्नर. ब्रूडर खाली उतरवून बाहेर उजेडात घ्या, सिलिंडर बंद, पाइप सुटलेला, सगळं गार. पहिल्यांदा पितळी भाग बघा. अमोनियानं पितळ आणि तांबं खराब होतं, हिरवट निळसर थर धरतो, भांडं कळकतं तसं. नुसता वरचा थर असेल तर पुसून जातो, पण नटाच्या कडेला किंवा वळणावर केसासारखी बारीक रेघ दिसली तर ती चीर आहे, अमोनियानं पितळ असंच आतून तडकतं. तो तुकडा पुसून परत लावायचा नाही, बदलायचा. याच कारणानं शेडच्या आत तांब्याची नळी टाकू नका, लोखंडी पाइप टाका.

मग हवेचं तोंड. जेटच्या पुढं जी नळी असते, जिथून गॅससोबत हवा आत ओढली जाते, तिथं टॉर्च मारून बघा. तूस, पिसं, धूळ याचा नमदा तयार झालेला असतो आणि बऱ्याचदा मध्ये पांढरं कोळ्याचं जाळं असतं, इतकं पातळ की टॉर्च तिरका धरल्याशिवाय दिसत नाही. तेवढं जाळं पण पुरेसं आहे, हवा कमी झाली की ज्योत पिवळी, पिवळी म्हणजे काजळी, काजळी म्हणजे कार्बन मोनॉक्साइड. बाटली धुवायचा लांब ब्रश घ्यायचा आणि आरपार फिरवायचा. फिल्टर असेल तर ब्रूडिंग चालू असताना रोजच्या रोज झटकायचा, ते दोन मिनिटांचं काम आहे.

जेट पान्यानं सोडवा, थिनरमध्ये तासभर टाका (आगीपासून लांब, उघड्यावर) आणि उलट्या बाजूनं हवा मारा. सुई, पिन, तार काहीही घालायचं नाही. ०.५० मिलिमीटरचं भोक तुम्ही पिन घालून ०.५५ केलं, डोळ्याला काय कळणार नाही, पण गॅस २१ टक्के जास्त जायला लागला. मग तो एकच ब्रूडर पिवळा जळतो आणि बाकीचे नीट, आणि कारण शोधत तुम्ही रेग्युलेटर बदलत बसता. तुंबलेलं निघत नसेल तर त्याच नंबरचा नवीन जेट घ्या, नंबर जेटवर कोरलेला असतो, दुकानदार म्हणाला हा पण चालतोय की, तरी घ्यायचा नाही.

सिरॅमिक प्लेट असेल तर जपून, तिला तार ब्रश नाही, पाणी नाही, पंक्चरवाल्याच्या कंप्रेसरची जोराची हवा पण नाही, बाहेरून हलकी हवा मारायची आणि मऊ ब्रशनं झाडायचं. प्लेटला चीर गेली असेल तर आत ज्योत शिरते, भक्क करून आवाज येतो आणि बर्नर मागच्या बाजूनं जळायला लागतो, तशी प्लेट लावून ब्रूडर चालवायचाच नाही. स्टीलची जाळी जरा सोशिक असते पण भोक पडलं किंवा मध्ये खचली की बदला.

परत जोडून पेटवल्यावर नीट बघा. जाळी सगळीकडं सारखी लाल-केशरी तापली पाहिजे. मध्ये काळे डाग राहिले तर तिथं अजून तुंबलंय. ज्योत जाळीपासून सुटून वर तरंगतेय तर प्रेशर जास्त आहे. आतल्या आत जळल्यासारखा पुटपुट आवाज येतोय तर प्रेशर कमी किंवा प्लेट गेलीय.

थर्मोकपल ही तांब्याच्या बारीक नळीसारखी दिसणारी वस्तू सगळ्यात दुर्लक्षित आणि सगळ्यात महत्त्वाची. तिचं टोक ज्योतीत तापतं, त्यातून थोडीशी वीज तयार होते आणि त्या विजेवर आतला चुंबक गॅसचा वॉल्व्ह उघडा धरून ठेवतो. ज्योत विझली, टोक गार झालं, वॉल्व्ह आपोआप बंद. ब्रूडर पेटवल्यावर बटण २०-३० सेकंद दाबून धरायचं ते याच्यासाठी. बटण सोडलं की विझत असेल तर टोकावरची काजळी बारीक पॉलिश पेपरनं पुसा, टोक ज्योतीत येतंय का बघा, मागचा नट हातानं घट्ट करून वर पान्यानं पाव फेरा द्या, त्यापेक्षा जास्त आवळला की तो पण जातो. तरी राहत नसेल तर नवीन टाका, फार महाग वस्तू नाही. पण काही लोक काय करतात, बटण दाबून तारेनं बांधून टाकतात. म्हणजे रात्री वाऱ्यानं ब्रूडर विझला तरी गॅस चालूच, आणि एलपीजी हवेपेक्षा जड असल्यामुळं तो वर उडून जात नाही, खाली तुसावर पसरत शेजारच्या पेटलेल्या ब्रूडरपर्यंत जातो. अशी तार कुठं दिसली तर आधी ती तोडा, बाकीचं नंतर बोलू. थर्मोकपल चालतंय का हे बघायला पेटलेला ब्रूडर नळ बंद करून विझवा, नळ लगेच परत उघडा पण पेटवू नका, बटणाला हात लावू नका आणि कान देऊन ऐका, मिनिटभरात टक् आवाज यायला पाहिजे. नाही आला तर नळ ताबडतोब बंद, तो ब्रूडर बाजूला.

पाइपाबद्दल. शेडमध्ये उंदीर असतातच आणि रबर कुरतडायला त्यांना आवडतं, त्यामुळं पाइप हातात धरून पूर्ण लांबीभर फिरवून बघायचा, वाकवून बघायचा, भेगा दिसतात का, कडक झालाय का. लो प्रेशरला आतून तारेची जाळी असलेला, आयएस ९५७३ छापलेला नारिंगी सुरक्षा पाइप घ्या आणि त्यावरची तारीख बघून पाच वर्षांत बदला, पोल्ट्रीत मी म्हणेन त्याच्या आधीच. हाय प्रेशरला हाय प्रेशरचाच पाइप. मध्ये जोड नको, टोकाला बारीक तार गुंडाळायची नाही, क्लिप लावायची. लोखंडी लाइनच्या आट्यांना नळवाला सफेदा-सुतळी लावून देईल, पाण्याला ठीक आहे, गॅसला नाही, गॅसचं सीलंट वेगळं मिळतं ते आणायला सांगा. ब्रूडर टांगायला नायलॉनची दोरी नको, साखळीच, उष्णतेनं दोरी गेली की पेटलेला ब्रूडर थेट तुसात.

सगळं जोडून झालं की साबणाचं पाणी. डिशवॉशचे चार थेंब मगभर पाण्यात, ब्रशनं प्रत्येक जोडावर, वॉल्व्हच्या दांड्यावर, रेग्युलेटरच्या कडेनं लावायचं, सिलिंडर चालू आणि ब्रूडरचे नळ बंद असताना. बुडबुडा मोठा होत गेला की लीक. काही लीक इतकी बारीक असतात की फेस हळूहळू दाट होतो एवढंच, म्हणून प्रत्येक जोडापाशी थोडं थांबा. काडी पेटवून लीक शोधणारे अजूनही आहेत, त्यांना काय बोलणार. गेज असेल तर अजून एक करा, सिलिंडर बंद करून लाइनमध्ये अडकलेल्या गॅसचा आकडा लिहून ठेवा आणि १५ मिनिटांनी परत बघा, काटा खाली आला असेल तर कुठंतरी जातोय. रिकाम्या सिलिंडरच्या जागी भरलेला लावताना वॉल्व्हच्या आतला काळा रबरी रिंग जागेवर आहे का, फाटलाय का हे पण बघायचं, नसेल तर सिलिंडर परत.

ब्रूडर कितीही नीट असला तरी शेड घट्ट बांधून ठेवलं तर उपयोग नाही. एक किलो गॅस जळायला बारा घनमीटरच्या वर हवा लागते, त्यातून तीन किलो कार्बन डायऑक्साइड आणि दीड लिटरपेक्षा जास्त पाण्याची वाफ शेडमध्ये येते. चार ब्रूडर रात्रभर चालले तर किती पाणी झालं ते तुम्हीच काढा, ते सगळं तुसात मुरतं, तूस ओलं झालं की अमोनिया, अमोनिया झाला की परत पितळ. आणि ऑक्सिजन कमी पडला की पुढं पिल्लांच्या पोटात पाणी होतं ते वेगळंच. पडदा वरच्या बाजूनं हातभर उघडा ठेवायचाच, थंडी कितीही असू दे, वारा पिल्लांच्या उंचीवर आला नाही म्हणजे झालं. शेडमध्ये झोपणाऱ्या माणसाचं डोकं दुखतंय, मळमळतंय, पिल्लं सुस्त पडलीत असं एकाच वेळी दिसलं तर माणसाला आधी बाहेर काढा आणि पडदे उघडा, कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो. रात्रपाळीच्या माणसाला शेडमध्ये झोपूच देऊ नका, खोली बाहेर पाहिजे.

गॅसचा वास आला तर सिलिंडरचा वॉल्व्ह बंद, विडी-काडी बंद, पडदे सगळे खाली सोडून पूर्ण उघडे, माणसं बाहेर. लाइटचं कुठलंही बटण चालू पण करायचं नाही आणि बंद पण करायचं नाही, फॅन लावून गॅस उडवू असं तर अजिबात नाही, बटणाची ठिणगीच पुरते. लांब जाऊन १९०६ ला फोन करायचा, गॅस लीकसाठीचा हेल्पलाइन नंबर आहे, दिवसरात्र चालतो.

ब्रूडिंग संपलं, पिल्लांना आता गरज नाही, की ब्रूडर वर ओढून तसेच टांगून ठेवायची पद्धत आहे. तसं करू नका. पुढचे तीन-चार आठवडे खालच्या तुसातून अमोनिया वाढतच जातो, वर धूळ, आणि बॅच गेल्यावर शेड प्रेशरनं धुताना आणि औषध मारताना सगळं पाणी बर्नरमध्ये. त्यापेक्षा उतरवा, हवा मारा, हवेच्या तोंडाला आणि पाइपच्या टोकांना प्लास्टिक बांधा, जेटचा नंबर आणि थर्मोकपल कधी बदललं ते ब्रूडरच्या पाठीवर मार्करनं लिहा, आणि कोरड्या खोलीत टांगून ठेवा. पाइप गुंडाळून वेगळे, पत्र्याच्या डब्यात झाकण लावून, नाहीतर उंदीर तिथं पण येतातच.